तापाचा दिवस कितवा?

नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाला आत वळलं की वढू बुद्रुक. एका अंगाला ऊस आणि भीमा, दुसऱ्या अंगाला सणसवाडी-शिक्रापूरच्या कंपन्या आणि तिथे राबणाऱ्यांसाठी उठलेल्या खोल्यांच्या रांगा. पाणी साठवल्याशिवाय भागत नाही, म्हणून दारोदार पिंपं. एडीस डासाच्या मादीला अंडी घालायला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि ते तिला इथे आयतं मिळतं. पावसाळा सरता सरता अंगावर ताप काढणारे दवाखान्यात यायला लागतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘डॉक्टर, डेंगू तर नाही ना?’

या प्रश्नाला रक्त काय उत्तर देतं, यावर दोघांचं पटत नाही. दोघंही मी बेतलेले आहेत, पण त्यांच्या तोंडची वाक्यं या पट्ट्यात कुठेही ऐकू येतील. काका वढूत दवाखाना चालवतात. पुतणी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे आणि सणाला गावी आली आहे. दिवाळीच्या आसपास डेंग्यूचा हंगाम चालूच असतो, त्यामुळे फराळाच्या ताटावरही विषय तोच.

पुतणी : काका, कपाटात डेंग्यूच्या कार्डांचा गठ्ठा दिसला. अजून त्यांवरच भागवता?

काका : भागवतो म्हणजे काय? चार थेंब रक्त, वीस मिनिटं आणि तीन उत्तरं. एनएस-वन, आयजीएम, आयजीजी. तुझ्या एलायझाला किती वेळ लागतो?

पुतणी : प्लेट लावली की अर्धा दिवस.

काका : आणि प्लेट लावता कधी? पुरेसे नमुने साठले की. इथे कंत्राटावरचा पोरगा रात्रपाळी करून येतो, अंग मोडून आलेलं, डोळ्यांच्या मागे ठणका. तुझा रिपोर्ट येईपर्यंत तो एकतर बरा होऊन कामावर गेलेला असतो, नाहीतर ससूनला भरती असतो.

पुतणी : लवकर आलेलं उत्तर चुकीचं असेल तर लवकर येऊन उपयोग काय?

काका : चुकीचं कशावरून?

पुतणी : तुम्ही त्या पोराला तापाचा दिवस कितवा ते विचारलंत का, यावरून.

इथे जरा थांबून कार्डावर उठणाऱ्या रेघांचा अर्थ लावून घेऊ. एनएस-वन हे विषाणूचंच प्रथिन. ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून ते रक्तात सापडू शकतं आणि साधारण पाचव्या दिवसानंतर सापडेनासं होत जातं. आयजीएम आणि आयजीजी ही आपल्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडं. ती बनायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शिकेनुसार आयजीएम तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत निम्म्या रुग्णांत सापडतं, पाचव्या दिवसापर्यंत ८० टक्क्यांत आणि दहाव्या दिवसापर्यंत ९९ टक्क्यांत. दोन आठवड्यांच्या सुमारास ते सर्वाधिक असतं आणि दोन-तीन महिन्यांत विरून जातं. आयजीजी उशिरा येतं, पण वर्षानुवर्षं राहतं. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएमची रेघ उठली नाही, याचा अर्थ डेंग्यू नाही असा होत नाही. तरीही ‘निगेटिव्ह’ हा शब्द ऐकून माणूस कुठेतरी जाऊन अंगदुखीचं इंजेक्शन घेतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधं डेंग्यूत टाळायची असतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. खोट्या ‘पॉझिटिव्ह’पेक्षा मला या ‘निगेटिव्ह’ची भीती जास्त वाटते.

काका : म्हणून तर कार्डावर एनएस-वन आहे. पहिले चार दिवस मी ती रेघ बघतो, पुढे बाकीच्या दोन. एवढं मलाही कळतं.

पुतणी : पहिल्यांदा डेंग्यू झालेल्याला ते लागू पडेल. दुसऱ्यांदा झाला असेल तर? विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा झाला म्हणून दुसऱ्यापासून कायमचं संरक्षण मिळत नाही. अशा माणसाच्या रक्तात जुनं आयजीजी आधीपासून असतं. ते एनएस-वनला चिकटतं, मग तुमची रेघ फिकी उठते किंवा उठतच नाही. आयजीएमही दुसऱ्या वेळी कमी बनतं, काहींत तर सापडतच नाही. आणि गंभीर होण्याचा धोका दुसऱ्या वेळीच जास्त. म्हणजे कार्डाची सगळ्यात जास्त गरज असते तिथेच ते गप्प बसतं.

काका : गप्प कुठे बसतं? तिसऱ्याच दिवशी आयजीजीची ठळक रेघ उठते की. पहिल्यांदा आजारी पडलेल्याला इतक्या लवकर ती उठणार नाही. ती दिसली की मी समजतो, याला आधी होऊन गेलाय, याच्यावर नजर ठेवायची.

पुतणी : आयजीजीची रेघ या भागात किती जणांना उठेल, माहीत आहे? आयसीएमआरने २०१७-१८मध्ये १५ राज्यांत १२ हजारांहून जास्त लोकांचं रक्त तपासलं होतं. पश्चिम भारतात ६२ टक्क्यांच्या वर लोकांत डेंग्यूचं आयजीजी सापडलं. ते तापाने फणफणलेले रुग्ण नव्हते, घरात असलेली साधी माणसं होती. सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे यावरून आज शेतात कोण उभा आहे ते कळतं का, काका?

काका : कळत नाही, पण कुणाला हाक मारून विचारायचं ते कळतं.

या फेरीत कोण जिंकलं, ते मला ठरवता येत नाही. काही कार्डं आयजीजी पुष्कळ वाढलं असेल तेव्हाच रेघ दाखवतील अशी बेतलेली असतात. काकांचा आडाखा त्यांच्यावर बऱ्यापैकी चालतो. काही कार्डांवर जुन्या, थोडक्या आयजीजीनेही रेघ उमटते. बाहेरून दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात, आणि आतला बारीक अक्षरातला कागद उलगडून वाचणारे विरळा.

पुतणी : बरं, आता खोट्या रेघांचं. झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल हे सगळे विषाणू डेंग्यूचे भाऊबंद. एकासाठी बनलेलं प्रतिपिंड दुसऱ्याच्या चाचणीत ओळख दाखवतं. पुणे जिल्ह्यातच २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला काय झालं आठवा. गावात तापाची साथ. आपल्याकडे असा ताप म्हणजे डेंग्यू नाहीतर चिकनगुनिया, असंच सगळे धरून चालतात. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या, पथकाने नमुने नेले, आणि चिकनगुनिया, डेंग्यूच्या जोडीला एका बाईंच्या रक्तात झिका निघाला. महाराष्ट्रातला तो पहिला. नुसत्या कार्डावर तो कधी सापडला असता?

काका : कार्डावर नसता सापडला, कबूल. पण तुझ्या आयजीएम एलायझावर तरी सापडला असता का? तिथे आरटी-पीसीआर लागलं. आणि त्याच्याही आधी कुणाच्या तरी लक्षात आलं, की या गावात ताप जास्तच आहे. बेलसरला पहिली चाचणी डोळ्यांनी केली.

पुतणी : सिंगापूरचं काय म्हणाल? २०२०च्या सुरुवातीला तिथे दोन रुग्णांची डेंग्यूची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली, डेंग्यू म्हणूनच त्यांच्याकडे बघितलं गेलं. पुढे कळलं, दोघांना कोविड होता. डेंग्यूची फेरचाचणी निगेटिव्ह.

काका : ते चुकलंच. त्या दिवसांत कार्ड बघून मास्क उतरवणाऱ्याची खैर नव्हती. पण चाचणी कुठे आणि कधी केली, त्यावरही असतं की. ऑक्टोबरात खोल्यांच्या एकाच रांगेतले पाच जण तापाने पडलेत आणि सहाव्याची रेघ उठली, तर मी तिच्यावर विश्वास ठेवतो.

काका इथे बरोबर बोलतात, आणि ते आकड्यांत मांडता येतं. समजा, एखादं कार्ड डेंग्यूच्या शंभर खऱ्या रुग्णांतले ८० पकडतं आणि डेंग्यू नसलेल्या शंभरांतल्या पाचांना उगाच पॉझिटिव्ह ठरवतं. हे आकडे हिशेबापुरते धरलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. ऑक्टोबरात तापाच्या शंभर जणांत ४० डेंग्यूचे धरले तर ३५ पॉझिटिव्ह येतील आणि त्यांतले ३२ खरे असतील. फाल्गुन अमावास्येला संभाजी महाराजांच्या समाधीवर गर्दी लोटते त्या दिवसांत, म्हणजे ऐन उन्हाच्या तोंडावर, शंभरात दोनच डेंग्यूचे असतील असं धरा. मग सहा-सात पॉझिटिव्हपैकी पाच खोटे. कार्ड तेच, दवाखाना तोच, वाचणाराही तोच. टायफॉइडच्या विडाल चाचणीचं आपल्याकडे जे झालंय, तेही हेच. ती कधीही करा, कुणाची ना कुणाची पॉझिटिव्ह येतेच, आणि मग घरोघर ‘जुना टायफॉइड निघाला’ म्हणतात.

काका : आता तुझ्या एलायझाचं सांग. तिच्यात असं काय सोनं आहे?

पुतणी : सोनं नाही, क्रम आहे. प्लेटच्या ९६ खाचांच्या तळाशी माणसाचं आयजीएम धरणारं प्रतिपिंड आधीच चिकटवलेलं असतं. त्यावर रुग्णाचं सीरम शंभर पटीने पातळ करून घालायचं. त्यातलं आयजीएम तळाला धरलं जातं, मग ते डेंग्यूचं असो की आणखी कशाचं. बाकीचं धुऊन टाकायचं. जुन्या आयजीजीची लुडबुड तिथेच संपते. मग डेंग्यूचं प्रतिजन घालायचं. पकडलेल्यात डेंग्यूचं आयजीएम असेल तरच ते टिकतं, नसेल तर पुढच्या धुण्यात जातं. मग रंग आणणारी साखळी. निळा रंग येतो, आम्ल घातलं की पिवळा होतो, आणि यंत्र ४५० नॅनोमीटरला त्याचा गडदपणा मोजतं. रेघ उठली की नाही, यावर दोघांत वाद घालायला जागाच नाही, आकडा समोर असतो. शेजारच्या खाचांत ठाऊक असलेले पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुनेही असतात. ते चुकले तर सगळी प्लेट रद्द.

काका : मॅक-एलायझा. हा संच आपल्या पुण्याचाच ना?

पुतणी : आपल्या एनआयव्हीचा. १९५२ला व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली संस्था, १९७८पासून या नावाने. देशभरातल्या ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांना हे संच इथूनच जातात. म्हणून तर राष्ट्रीय कार्यक्रमात कार्डावरचा पॉझिटिव्ह नुसता ‘संभाव्य’ धरतात आणि एलायझाचा ‘निश्चित’. तुमचे रुग्ण सरकारी आकड्यात का दिसत नाहीत, ते यामुळे.

काका : हां, आता आलीस माझ्या वाटेवर. आयजीएम दोन-तीन महिने राहतं, हे तुलाही ठाऊक आहे. एखाद्याला ऑगस्टात डेंग्यू होऊन गेला, त्याने तो अंगावर काढला. ऑक्टोबरात त्याला साधा फ्लू झाला. तुझ्या प्लेटमध्ये पिवळा रंग येईल की नाही?

पुतणी : येईल.

काका : मग तो ‘निश्चित’ कसा? एकाच नमुन्यातल्या आयजीएमला जागतिक आरोग्य संघटनासुद्धा ‘संभाव्य’च म्हणते. तुझा यंत्रातला आकडा अचूक असेल, पण तो उत्तर देतोय ऑगस्टाबद्दल.

पुतणी : तेवढं मान्य. पक्कं म्हणायचं तर पहिल्या पाच दिवसांत पीसीआर, नाहीतर दोन नमुने. एक आत्ता आणि एक दोन आठवड्यांनी. दुसऱ्यात प्रतिपिंडं चौपट वाढली तर शंका उरत नाही. पण माझ्याकडे येतं काय? एक नळी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ताप सुरू झाल्याच्या तारखेचा रकाना कोरा. दुसऱ्या दिवसाचं निगेटिव्ह आणि नवव्या दिवसाचं निगेटिव्ह माझ्या कागदावर एकसारखंच छापलं जातं.

काका : रकाना भरायला लागतो तरी किती वेळ, असं वाटतं ना तुला? विचारून बघ एकदा. ‘ताप कधीपासून?’ ‘परवा-तेरवापासून.’ परवा की तेरवा? ‘तशी कणकण आधीपासून होती, ताप नव्हता.’ मधल्या काळात त्याने दुकानातून गोळी आणून खाल्लेली असते, ताप उतरलेला असतो, पुन्हा चढलेला असतो. त्याचा पहिला दिवस कुठला धरू? म्हणून मी तारीख विचारतच नाही. विचारतो, अंगात आलं तेव्हा पाळी कुठली होती? पगार झाला होता का? गणपती उठले होते का? मग दिवस सापडतो.

पुतणी : सापडतो, तर मग चिठ्ठीवर लिहा ना! डोक्यात ठेवून काय उपयोग?

कार्ड की प्लेट यापेक्षा मोठा दोष या कोऱ्या रकान्यात आहे असं मला वाटतं. तापाचा दिवस माहीत असेल तर साध्या कार्डावरूनही बरंच कळतं. तो माहीत नसेल तर पुण्याची प्लेटही एखाद्या होऊन गेलेल्या आजाराचं बिल आजच्या तापावर फाडते. तारीख नोंदता येते, याचं खुद्द वढूच बोलकं उदाहरण आहे. डॉ. बानू कोयाजींच्या काळात, सत्तरच्या दशकात, पुण्याच्या केईएम रुग्णालयाने इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्याच कामातून २००२पासून शिरूर-हवेलीतल्या २२ गावांमध्ये घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, आलेगेले यांची तारखेसह नोंद ठेवली जाते. वैद्यकीय संशोधनात ‘वढू’ हे नाव देशाबाहेर पोचलं ते या नोंदींमुळे. तारीख विचारणं आणि लिहिणं खेड्यात जमत नाही, असं निदान या गावात तरी कुणी म्हणू नये.

काका : एक मात्र ऐक. तुझ्या सगळ्या चाचण्या बाजूला ठेवल्या तरी माझ्या औषधात फरक पडत नाही. पॅरासिटामॉल, पाणी, सरबत, पेज. पॉझिटिव्ह आला तरी तेच, निगेटिव्ह आला तरी तेच. लोक रिपोर्ट हातात घेऊन विचारतात, ‘पेशी किती?’ एक लाखाच्या खाली आल्या की घरात रडारड. पपईच्या पानाचा रस, शेळीचं दूध, सगळं सुरू. पेशी बऱ्याच तापांत कमी होतात. त्याच रिपोर्टवर हिमॅटोक्रिट असतो, रक्त दाट होतंय का ते सांगणारा, तो कुणी बघत नाही.

पुतणी : आणि ताप उतरला की सुटलो म्हणतात.

काका : तिथेच फसतात. ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवसच धोक्याचे. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, माणूस सुस्त होणं, लघवी कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तर कार्ड काय म्हणतं ते न बघता मी गाडीत घालून पाठवतो.

पुतणी : मग कार्ड करताच कशाला? औषध तेच, नजर तीच.

काका : त्या पोरासाठी करतो. कागद दाखवला नाही तर सुपरवायझर रजा देत नाही. रजा नाही तर तो चौथ्या-पाचव्या दिवशी मशिनवर उभा राहणार, नेमका नको त्या वेळी. विमेवाल्यांनाही कागद लागतो. घरच्यांनाही लागतो, नाहीतर ते आणखी दोन डॉक्टर करतात आणि तिसऱ्याकडे अंगदुखीचं इंजेक्शन घेतात. माझं कार्ड रोग सांगत असेल-नसेल, पण माणसाला खाटेवर झोपवतं.

हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, आणि ते खोटंही नाही. मात्र त्या कागदाने माणूस झोपला, तसाच उलट्या कागदाने तो उठून कामावरही जातो, हे काका सोयीने विसरतात.

पुतणी : चुकीच्या पॉझिटिव्हने कुणाचं बिघडत नाही असं तुमचं म्हणणं दिसतंय. बिघडतं. डेंग्व्हॅक्सिया लस आठवते? फिलिपाईन्समध्ये २०१६ला शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात झाली. २०१७च्या अखेरीस कंपनीनेच सांगितलं, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लशीनंतर पुढचा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. तेव्हापासून ही लस द्यायच्या आधी आयजीजी तपासा असं ठरलं. तिथे तुमच्या कार्डाने खोटी रेघ दाखवली, तर धडधाकट पोराला धोक्यात घातलं की.

काका : ती लस आपल्याकडे आहे का?

पुतणी : ती नाही. पण आपल्याकडच्या लशींच्या चाचण्या सुरू आहेत. उद्या एखादी आली तर तुमच्याच दारात पहिली रांग लागेल.

काका : लागेल तेव्हा बघू. आत्ताचं बोल.

पुतणी : आत्ताचं एवढंच, की चिठ्ठीवर दिवस लिहा आणि दुसरा नमुना पाठवा.

काका : दिवस लिहीन. दुसरा नमुना कुणाचा पाठवू? तो बरा झालाय, कामावर गेलाय. पुन्हा सुई टोचून घ्यायला अर्ध्या दिवसाचा खाडा कोण करेल? त्याला त्यात काय मिळणार?

पुतणी : त्याला काही नाही. शेजारच्या खोल्यांतल्या बाकीच्यांना मिळेल. निश्चित रुग्ण नोंदला गेला की आरोग्य खात्याची माणसं येतात, भांडी तपासतात, अळ्या बघतात, अळ्या मारणारं अबेट टाकतात.

काका : पिंपं उपडी करायला एलायझा कशाला हवी? कार्डावर रेघ उठली की मी आशाताईंना फोन लावतो.

पुतणी : मार्चमध्ये उठणाऱ्या खोट्या रेघांनाही लावणार?

काका : लावेन. पिंप उपडं केल्याने कुणाचं काय जातं?

पुतणी : मार्चमध्ये? पाण्याच्या ओढीत? टँकरचं पाणी ओतून द्यायला सांगाल त्या बायकांना?

काका : ओतायला नाही सांगणार. पिंपाच्या तोंडाला फडकं बांधायला सांगेन.